पराभवाचा फलक कोण लावणार?

वैनगंगेच्या काठी गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी धरणाचा शिलान्यास केला. ३७२ कोटी रुपयांत होणारा हा प्रकल्प पुढे कित्येक पटींनी महागला आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. कोणत्या मुहूर्तावर कोणाच्या हस्ते काय झाले, याची नोंद आपले राज्यकर्ते दगडावर अगत्याने करतात. परंतु या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील जी गावठाणे, जी शेते, जी देवळे आणि विहिरी गेल्या, त्यांची नावे काठावर कोरून ठेवावीत, ही निकड त्यांना कधी वाटली नाही. ज्याने कुदळ मारल्यासारखे केले त्याचे नाव राहते. ज्याचे घर गेले तो केवळ ‘प्रकल्पग्रस्त’ या सरकारी शब्दात विरून जातो.

याच तालुक्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यांच्या शिळांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. त्यांत स्त्रियाही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत दगडावर नाव कोरले जाण्यासाठी उद्घाटक असावे लागत नव्हते, आपल्या पदराला खार लावून काही द्यावे लागत होते. आज नेमके उलटे झाले आहे.

स्मारक म्हणजे केवळ दगड नव्हे. समाजाने काय लक्षात ठेवायचे आणि काय विसरायचे, याचा तो निर्णय असतो; आणि हा निर्णय आजवर सत्ता असलेल्यांनीच घेतला आहे. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. ते तलाव बांधण्याचे कसब कोहळी समाजाचे आणि माती वाहण्याचे कष्ट अनाम मजुरांचे. कागदोपत्री मात्र ते ‘मालगुजारी तलाव’ झाले. मालगुजारी गेली, तलावांना चिकटलेले मालगुजाराचे नाव गेले नाही.

परंतु राज्यकर्त्यांना बोल लावून आपण समाजवाद्यांनी मोकळे होता कामा नये. आमच्याही इतिहासात एक पान आहे, जे आम्ही भरभर उलटतो. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता एकत्र उभे राहिले आणि दोघेही पडले. त्यानंतर मे १९५४ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यातील भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तिचे कारणही या जिल्ह्याला साजेसेच होते. निवडून आलेल्या काँग्रेस उमेदवाराचा सरकारला विड्या पुरवण्याच्या कंत्राटात हितसंबंध होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली होती. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या हातांचा हा मुलूख. त्या हातांच्या कमाईचा धागा असा दिल्लीपर्यंत पोचला होता.

ही जागाही द्विसदस्य होती. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागेवर बाबासाहेबांचा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पराभव केला. ज्यांनी एक मत समाजवादाला दिले, त्यांपैकी किती जणांनी दुसरे मत देताना हात आखडता घेतला? हा प्रश्न आमच्या शिबिरांत, अभ्यासवर्गांत आणि स्मरणिकांत अभावानेच विचारला गेला. लोकसभेत प्रवेश करण्याचा तो बाबासाहेबांचा अखेरचा प्रयत्न ठरला. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले.

पुतळे उभारून हे ऋण फिटत नाही. पुतळा महापुरुषाची थोरवी सांगतो. आपण त्याच्याशी कसे वागलो, हे सांगत नाही. म्हणून भंडारा शहरात एक साधा फलक असावा: ‘राज्यघटनेच्या शिल्पकाराला या मतदारसंघाने १९५४ मध्ये पराभूत केले.’ आणि तो लावण्यात पुढाकार समाजवाद्यांनी घ्यावा, कारण त्या दिवशी विजयाचा गुलाल आमच्या अंगावर होता.

मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली. परंतु दलित अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. न्यायालयाच्या कागदात जात सापडली नाही. मग ती समाजाच्या स्मृतीत तरी नोंदवायची की नाही?

अमेरिकेत गावोगावी रस्त्याच्या कडेला स्थानिक इतिहासाचे फलक असतात. सेनापती, वसाहतकार, लढाया हेच त्यांचे बहुतेक विषय. परंतु २०१८ मध्ये अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे एक वेगळे स्मारक उघडले. झुंडींनी ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची नावे तेथे आठशेहून अधिक पोलादी स्तंभांवर कोरली आहेत. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक स्तंभ. त्याची जोडप्रत त्या त्या जिल्ह्याने आपल्या गावी नेऊन उभी करावी, असे आवाहन आहे. कोणता जिल्हा नेतो आणि कोणता नेत नाही, यावरूनच त्याची परीक्षा होते.

कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरता? जखम ज्याची, त्याने हे म्हटले तर ऐकू. प्रहार करणाऱ्याच्या वंशजांनी ते म्हणण्यात शहाणपण नसते, सोय असते. कोणी म्हणेल, दगडाने पोट भरत नाही. खरे आहे. पण प्रकल्पग्रस्ताचे गावच नकाशावरून आणि मनातून पुसले गेले, की त्याच्या मोबदल्याची मागणीही भिकेसारखी ऐकू येते. स्मृती हे हक्काचे पहिले दस्तऐवज आहे.

गोसीखुर्दच्या काठी बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव कोरावे, मजकूर विस्थापितांच्या ग्रामसभांनी ठरवावा, आणि त्या शिळेवर उद्घाटकाचे नाव नसावे. एवढे साधले, तरी पवनीच्या त्या जुन्या दात्यांशी आपले काही नाते उरले आहे, असे म्हणता येईल.