किलोमीटर नका विचारू, पावसाळे विचारा

आमच्या आयटीवाल्या जमातीला एक खूळ लागलंय. जुनी मर्सिडीज घ्यायची! नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशात एके काळी कारखानदाराच्या पोर्चमध्ये उभी असणारी गाडी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येते म्हटल्यावर कुणाचाही पाय घसरेल. खूळ वाईट नाही, मलाही आहे. वाईट आहे ती गाडी बघण्याची पद्धत.

ही मंडळी आधी एक्सेल शीट बनवतात. किलोमीटर किती, ओनर कितवा, सर्व्हिस रेकॉर्ड आहे का, टायर कुठल्या सालचे, एसी किती गार, सनरूफ उघडतं का. कोणी कोणी स्कॅनर लावून एरर कोडही वाचतात. पण गाडीच्या बुडाखाली वाकून कोणी बघत नाही, कारण शीटमध्ये 'गंज' नावाचा कॉलमच नसतो. विचारलं तर उत्तर तयार असतं, "गंज हे युरोपातलं प्रकरण रे. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?"

आणि मग ती जाहिरात दिसते. 'सिंगल ओनर, लोणावळ्याच्या बंगल्यावरची गाडी, फक्त ४० हजार किलोमीटर.' झालं, लाळ गळायला सुरुवात.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारातलं हे सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. विकणारा खोटं बोलतोय म्हणून नव्हे. त्यातला शब्द न् शब्द खरा असू शकतो, आणि गोची नेमकी तिथेच आहे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात साडेसातशेच्या आसपास. म्हणजे लोणावळ्याचा एक पावसाळा हा पुण्याचे पाच पावसाळे. त्यात जून ते सप्टेंबर ढग जमिनीवर उतरलेले. तुंगार्लीत किंवा पवना धरणाच्या बाजूला जुलैत बंगला घेऊन राहिलेल्याला विचारा, चपलांना बुरशी येते, टॉवेल चार दिवस वाळत नाही. आता त्याच हवेत एक लोखंडी डबा उभा आहे. मालक मुंबईला, तो महिन्यातून एकदा येणार. केअरटेकर इमानदारीत गाडीवर कापडी कव्हर घालतो, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडायची सोयही बंद. खाली गवत, नाहीतर लाल माती. वर झाड.

गंजाला काय लागतं? लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. मीठ असेल तर काम भराभर होतं, पण मीठ नसलं म्हणून काम थांबत नाही. मुख्य प्रश्न असतो पत्रा किती तास ओला राहतो याचा. रोज चालणारी गाडी भिजते, पण इंजिनाच्या उष्णतेने आणि वाऱ्याने वाळतेही. उभी गाडी चार महिने वाळतच नाही. ओडोमीटर गाडी पळाल्याचे आकडे मोजतो. उभं राहण्याचे आकडे कुठल्याच काट्यावर दिसत नाहीत. म्हणून ४० हजार किलोमीटर आणि वीस पावसाळे लोणावळा यापेक्षा मी दोन लाख किलोमीटर पळालेली सोलापूरची गाडी डोळे झाकून... नाही, डोळे उघडे ठेवूनच, पण आधी बघायला जाईन.

आता आपल्या भागात ह्या गाड्या इतक्या का दिसतात तेही सांगतो. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४ ची जोडणी सुरू झाली. ई २२० आणि ई २५० डिझेल. (चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९ चा.) म्हणजे ही गाडी एका अर्थाने आपल्या पिंपरी-चिंचवडचीच लेक. ई २५० डिझेलचं इंजिन दणकट, नीट तेल-पाणी केलं तर माणसाला कंटाळा येईल पण त्याला येणार नाही. मात्र त्या गाड्यांचा पत्रा आता तीस वर्षांचा झालाय. आणि तिच्या पुढची पिढी, डब्ल्यू २१०, म्हणजे गोल डोळ्यांची ई-क्लास, तिने तर गंजापायी जगभर शिव्या खाल्ल्यात.

इंजिन, गिअरबॉक्स, एसी हे सगळे मॉड्यूल आहेत. बिघडला तर काढा, दुसरा बसवा, खिशाला खड्डा पडेल इतकंच. बॉडीचं तसं नाही. ह्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. सस्पेन्शन तिलाच लटकलेलं, सीटबेल्ट तिलाच बांधलेला. डब्ल्यू २१० मध्ये पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक आतल्या पत्र्याला वेल्ड केलेली असते आणि तिच्यावर सीलरचा थर असतो. सीलरखाली ओल शिरली की आतल्या आत गंज चढतो आणि एक दिवस बैठक सुटते. तुम्ही त्या वेळी सोसायटीच्या गेटवर असाल की बोरघाट उतरत असाल, ते तुमच्या नशिबावर. मागच्या सीटवर पोरं असतील हेही लक्षात घ्या. एसी गार आहे का हे विचारणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायला नको?

युरोपातले चेकलिस्ट वाचून आपण फसतो ते इथे. तिकडे मिठाचं पाणी खालून उडतं, म्हणून ते खालून बघतात. आपल्याकडे निम्मं पाणी वरून येतं. सनरूफच्या चारी कोपऱ्यांतून पाणी बाहेर न्यायला बारीक नळ्या असतात. वायपरखालच्या जाळीमागे पन्हळ असते. दारांच्या खालच्या कडेला भोकं असतात. झाडाची पानं कुजून ह्या वाटा बुजतात, आणि मग पाणी गाडीत मुक्कामाला येतं. म्हणून वरून आणि खालून, दोन्हीकडून बघायचं.

बरोबर न्यायचं सामान: जुनी चादर, टॉर्च, कापडात गुंडाळलेलं एक चुंबक आणि पाण्याची बाटली. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, आकडा एकदम तिप्पट झाला तर खाली पुट्टी आहे समजा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथेही तेच.

बॉनेट उघडून बॅटरीखालचा पत्रा बघा. वायपरखाली पानं साचलीत का ते बघा. सनरूफच्या कोपऱ्यात थोडं पाणी ओता, ते चाकामागे जमिनीवर पडायला हवं. आत पायाशी पडलं तर प्रश्न मिटला. कार्पेट उचला आणि खालचा फोम मुठीत दाबा. ओला लागला तर खालच्या पत्र्याचं काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. डिकीत स्टेपनी बाहेर काढून तिच्या खड्ड्यात टॉर्च मारा. मागच्या काचेचे खालचे कोपरे, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, नंबरप्लेटच्या दिव्यांभोवतीचा पत्रा, सगळीकडे बोट फिरवा. रंगाला बारीक फोड दिसला तर तो 'जरासा फोड' नसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. फोड दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

मग गाडी रॅम्पवर घ्या. कुठल्याही वॉशिंग सेंटरवर चार पैशांत होतं. विकणारा "कशाला उगाच" म्हणाला तर तिथूनच घरी या. जॅक लावायच्या चारी जागा बघा. १९८९ नंतरच्या डब्ल्यू १२४ ला दारांच्या खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, दिसायला छान, पण त्यांच्या मागे काय चाललंय ते झाकतात. जॅकच्या जागेचं झाकण काढून आत टॉर्च मारा. ब्रेकचे पाइप बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला भद्द वाजतो. आणि बुडाला नवाकोरा काळा कुळकुळीत कोट मारलेला असेल तर खूश होऊ नका. तीस वर्षांच्या गाडीला विकायच्या आदल्या महिन्यात तो का मारला, हे विचारा.

आता दोन आक्षेप. पहिला, "आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे, पत्रावाला वीस हजारात करून देईल." पत्रावाला कुशल असतो हे मान्य. पण बंद पोकळीच्या आत त्याचा हात पोचत नाही. बाहेरून तुकडा जोडला की वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, आणि नव्या जोडाला आतून गंज लागायला पुढचा पावसाळा पुरतो. पुट्टी भरून वर रंग मारणं ही तर दुरुस्तीच नाही, तो मेकअप आहे. दुसरा आक्षेप, "पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालंय की!" पासिंगचा कागद म्हणजे त्या दिवशी गाडी चालण्यालायक ठरली. कार्पेट उचलून आणि पट्ट्या काढून कोणी बघितल्याचा तो पुरावा नव्हे.

मग काय, जुनी गाडी घ्यायचीच नाही? असं अजिबात नाही. वरवरचा गंज वेगळा आणि भोक पडलेला पत्रा वेगळा. बोल्टवर, एक्झॉस्टवर, जाड लोखंडावर तपकिरी थर असणारच, त्याने बिचकू नका. बोल्टने बसवलेलं मडगार्ड सडलं तर बदलता येतं, त्याचे पैसे किमतीतून कापून मागा. पण जॅकच्या जागा, स्प्रिंगच्या बैठका, दारांखालचा तुळईसारखा भाग आणि पायाखालचा पत्रा, यातलं काहीही सडलेलं असेल तर ती गाडी फुकट दिली तरी महाग आहे.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, गाडीने पावसाळे कुठे काढले? छपराखाली की झाडाखाली? काँक्रीटवर की मातीवर? पावसाळ्यात चालवत होता की कव्हर घालून ठेवली होती? सच्चा मालक ह्याची उत्तरं लगेच देतो, कारण त्याने स्वतः ती काळजी केलेली असते. आणि शक्य असेल तर बघायला ऑगस्टमध्ये जा, तेही धो धो पावसात. डिसेंबरच्या उन्हात सगळ्याच गाड्या कोरड्या असतात.