खोली एक, वाय-फाय एक

माथेरानमध्ये खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे घोडा, ई-रिक्षा किंवा पायपीट. इंटरनेट मात्र थेट खोलीत येतं, आणि भांडणंही आणतं. भाड्याच्या खोलीत एकजण ‘बीजीएमआय’ हा मोबाइल गेम खेळतोय, तेवढ्यात दुसऱ्याने फोटोंचा बॅकअप सुरू केला, की पिंग ४० मिलिसेकंदांवरून थेट ४०० वर! खरं तर खेळाला बँडविड्थ फार लागत नाही. सेकंदाला एक मेगाबिट बहुधा पुरतो. पण अपलोडची वाट भरली, की राउटरमध्ये डेटाची रांग लागते आणि गोळी उशिरा सुटते. यात खोलीतल्या सोबत्याला शिव्या देणं अन्यायाचं आहे. महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरमध्ये बॅकअपच्या अपलोडला मर्यादा घालावी, खेळाला प्राधान्य द्यावं. बॅकअप पहाटे चालू द्यावा.