विद्यार्थी की वेतनधारी?

रे डेनिसन हा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या फोर्ट लुईस महाविद्यालयाचा फुटबॉल खेळाडू. १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून तो दगावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये ती नाकारली. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द त्याच काळातला. असे दावे टाळण्यासाठीच तो घडविला गेला, हे महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे (एनसीएए) तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात सांगून टाकले!

आज तो धंदा नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. दूरचित्रवाणीचे करार अब्जावधी डॉलरचे आहेत. कित्येक राज्यांत सर्वाधिक वेतनाचा सरकारी नोकर राज्यपाल नसून विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. मार्च २०२४मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेचा कौल दिला. पण वर्षअखेरीस अर्जच मागे घेतला गेला. जून २०२५मधील न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा मिळाली. पैसा मिळाला, नोकराचा दर्जा मात्र नाही. म्हणजे मोबदला द्यायचा, पण मालकाचे दायित्व घ्यायचे नाही, अशी ही चतुराई आहे.

गुरू-शिष्याचे नाते कराराने बांधावे, हे भारतीय मनाला रुचणारे नाही. विद्यामंदिरात मालक-मजूर हा संघर्ष शिरू नये, हेही खरेच. परंतु गुरूच तिकिटे विकू लागला, तर शिष्याने कोणत्या नात्याचा आधार घ्यावा? दत्तोपंत ठेंगडी यांनी वर्गसंघर्षाला पर्याय म्हणून औद्योगिक परिवाराची कल्पना मांडली, ती श्रमिकाचा हक्क बुडविण्यासाठी नव्हे. परिवार म्हणायचे असेल, तर जायबंदी झालेल्या मुलाचा भार घरानेच उचलला पाहिजे.

म्हणून ज्या खेळांवर विद्यापीठे गल्ला भरतात, त्यांतील खेळाडूंना कर्मचारी मानणेच न्याय्य ठरेल. पोहणारा, धावणारा, ज्याच्या स्पर्धेला तिकीट नाही, त्याला वेतनाची नव्हे, पदवी पूर्ण करण्याच्या आणि उपचारांच्या हमीची गरज आहे. आपल्याकडेही २०२०पासून ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धा भरू लागल्या आहेत. पैसा येण्यापूर्वीच, मैदानात जायबंदी होणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च कोणी करायचा, हे येथील विद्यापीठांनी लेखी ठरवून ठेवावे.