टाचांच्या भेगा आणि स्वस्तातली जेली

कापसाची वेचणी आणि थंडी एकाच सुमारास येतात. नाचणगाव-पुलगाव परिसरात या दिवसांत वेचणाऱ्यांची बोटे उकलतात, टाचांना भेगा पडतात. ‘थंडीत होतंच असं’ म्हणून दुर्लक्ष होते. मधुमेह असलेल्या व्यक्तीला मात्र हीच भेग महागात पडू शकते. तिच्यातून जंतू शिरले, की जखम चिघळते आणि पाय गमावण्याची वेळही येते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्ले हे त्यांच्यामधले सिमेंट. कोरडी हवा, कढत पाणी आणि कपड्याचा साबण हे सिमेंट काढून टाकतात. मग आतले पाणी उडून जाते आणि त्वचा तडकते.

क्रीममधील घटक तीन कामे करतात. ग्लिसरीन व युरिया पाणी धरून ठेवतात. तेले पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करतात. पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. हवा फार कोरडी असेल, तर नुसते ग्लिसरीन पुरत नाही; त्यावर झाकण हवेच. युरियाचे मलम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रसायन शेतातल्या युरियाचेच, पण म्हणून खताची गोणी उघडून लावू नये!

किमतीपेक्षा लावण्याची वेळ महत्त्वाची. अंघोळीनंतर अंग हलके टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांत, खोबरेल तेल किंवा जेली लावावी. रात्री टाचांना जेली लावून सुती मोजे घालावेत. मधुमेह असल्यास पाय पाण्यात भिजवत ठेवू नयेत, बोटांच्या बेचक्यांत जेली लावू नये आणि टाचा ब्लेडने तासू नयेत. जेली लागलेले कपडे लवकर पेट घेतात. ते घालून चुलीजवळ बसू नये.

दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली स्टिरॉइडची ट्यूब हा वेगळा धोका आहे. तिने खाज थांबते, पण दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि गजकर्ण पसरते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीला मनाई केली. तरीही ती सर्रास मागितली जातात आणि मिळतातही.

वेचणीच्या हंगामात आरोग्य उपकेंद्रांतून मजुरांना जेलीची एकेक डबी द्यावी आणि आशाताईंनी मधुमेही रुग्णांच्या टाचा घरी जाऊन पाहाव्यात. चिघळलेल्या पायावर पुढे होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च अगदीच किरकोळ आहे.