विसाव्याचा भार

बोर्निओच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, सेलेबिस समुद्रात सिपादान नावाचे चिमुकले बेट आहे. मृत ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांनी ते घडविले असून समुद्रतळापासून त्याची उंची सुमारे ६०० मीटर आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरणाऱ्यास तेथे संथ विहरणारी हिरवी कासवे आणि बॅराकुडा माशांच्या चक्राकार झुंडी दिसतात.

या वैभवाच्या ओढीने बेटावर रिसॉर्ट उभे राहिले. पाहुणे वाढले, तसा वर्दळीचा भार नाजूक प्रवाळांवर पडू लागला. अखेर मलेशिया सरकारच्या आदेशाने २००४ च्या अखेरीस सर्व रिसॉर्ट तेथून हलविण्यात आले. आता प्रवासी शेजारच्या माबुल बेटावर किंवा सेम्पोर्ना येथे उतरतात. सिपादानला जाण्यासाठी रोज मोजकेच परवाने मिळतात. मुक्काम मात्र करता येत नाही.

पाण्याखालची शिस्तही अशीच संयमाची असते. श्वास रोखायचा नाही, संथ चालू ठेवायचा. वर येताना घाई करायची नाही. पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबायचे. दगडासारखे भासणारे प्रवाळ ही सूक्ष्म जीवांची वसाहत असते. हाताच्या स्पर्शानेही तिला इजा होते. म्हणून शरीर अधांतरी तोलून धरायचे, कशालाही हात लावायचा नाही आणि शिंपलाही उचलून आणायचा नाही.

सुटीचा बेत आखताना खर्चाचा हिशेब प्रत्येक घरात होतो. आपल्या विसाव्याचा भार कोणत्या जीवांनी वाहायचा, हा हिशेबही त्याच वेळी व्हावा.