वायद्याला तारीख हवी

कारागीर महाग अवजाराला घाबरत नाही. अवजार कामाचे असेल, वेळेवर मिळणार असेल आणि त्याची किंमत कामातून फिटणार असेल, तर तो कर्ज काढूनही ते घेतो. त्याची खरी अडचण वेगळीच असते. जुने अवजार थकलेले आहे, नवे येणार असे सर्वजण म्हणतात, पण कधी येणार हे बनवणारा सांगत नाही. अशा वेळी त्याने जुन्या नमुन्याचेच घ्यावे, थांबावे, की दुसऱ्याचे दुकान गाठावे? हे ठरवता ठरवता वर्षे निघून जातात आणि नुकसान कारागिराच्या खात्यावर चढते.

अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या मॅक प्रो या मोठ्या संगणकाची गोष्ट नेमकी अशीच आहे. या पानावर ती कशासाठी, असे कोणी विचारेल. आमचे उत्तर असे की, आज संगणक हेही एक अवजार झाले आहे. साडीची नक्षी त्यावर निघते, लग्नपत्रिका त्यावर जुळते, हिशेब त्यावर राहतो. बड्या कंपनीपुढे मोठमोठ्या कारागिरांची जी गत झाली, ती समजून घेतली तर आपल्या लहान धंद्यालाही त्यातून शिकता येईल.

गोष्ट कशी घडली

मॅक प्रो ऑगस्ट २००६ मध्ये आला. ॲल्युमिनियमची भलीमोठी पेटी आणि आत इंटेलचे झिऑन प्रोसेसर. बाजूचे झाकण काढले की मेमरी वाढवा, चार हार्ड डिस्क बसवा, ग्राफिक्स कार्ड बदला, सर्व काही हाताशी होते. सिनेमाचे संकलन करणारे, गाणी ध्वनिमुद्रित करणारे, ॲनिमेशन करणारे, छपाईसाठी चित्रे तयार करणारे, असे लोक तो घेत. घरी पत्र लिहिणाऱ्यासाठी हा माल नव्हता. ज्याची रोजी संगणकावर आहे, त्याच्यासाठी तो होता.

२००८, २००९ आणि २०१० मध्ये सुधारलेली यंत्रे आली. त्यानंतर गाडी अडली. जून २०१२ मध्ये जे यंत्र आले त्यात नवे असे फारच थोडे होते. लोकांनी ओरड केली, तेव्हा कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देऊन पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवले. तोवर युरोपातील ग्राहकांवर आणखी एक संकट आले. यंत्रातील पंखे नव्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते, म्हणून १ मार्च २०१३ पासून युरोपीय संघाच्या देशांत कंपनीने त्याची विक्रीच थांबवली. जुने मिळेना आणि नवे आलेले नाही, अशी तेथील स्टुडिओवाल्यांची अवस्था झाली.

नवा मॅक प्रो जून २०१३ मध्ये दाखवला गेला आणि विक्रीला डिसेंबरमध्ये आला. काळ्या रंगाचा, गोल नळकांड्यासारखा, उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. किंमत २,९९९ डॉलरपासून पुढे. दिसायला देखणा होता, यात वाद नाही. पण त्यात जादा कार्ड बसवायला जागाच नव्हती. जास्तीच्या हार्ड डिस्क आणि कार्डे बाहेर तारेने जोडायची. ज्या कारागिराला पेटी उघडून अवजार आपल्या हाताने सुधारायची सवय, त्याच्या हातातून ती सोय गेली.

यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कंपनी गप्प राहिली. डिसेंबर २०१३ चे तेच यंत्र २०१७ च्या एप्रिलपर्यंत त्याच किमतीला विकले जात होते. आम्ही कापडवाले आहोत. तीन हंगामांपूर्वीचा माल ताज्या भावाने कोणी विकू लागला, तर बाजारात त्याला काय म्हणतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने मोजक्या पत्रकारांना बोलावून मन मोकळे केले. फिल शिलर आणि क्रेग फेडेरिघी हे तिचे मोठे अधिकारी तेथे होते. त्यांनी मान्य केले की, ते नळकांडे दोन मध्यम ताकदीची ग्राफिक्स कार्डे धरून आखले होते. पुढे जगाचे काम एकाच मोठ्या आणि जास्त तापणाऱ्या कार्डाकडे वळले. तेवढी उष्णता बाहेर काढण्याची सोय त्या आकारात नव्हती, म्हणून सुधारणा अडली. नव्या यंत्रावर काम सुरू आहे, पण ते या वर्षी येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. एप्रिल २०१८ मध्ये कळले की, ते २०१९ मध्ये येईल.

ते जूनमध्ये दाखवले गेले आणि १० डिसेंबर २०१९ रोजी विक्रीला आले. पुन्हा मोठी पेटी, आत कार्डांसाठी आठ जागा, दीड टेराबाइटपर्यंत मेमरी. किंमत सुरूच होत होती ५,९९९ डॉलरपासून. एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत सहा वर्षे गेली होती.

एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. जून २०२० मध्ये, म्हणजे हे यंत्र विक्रीला येऊन सहा महिने होताच, कंपनीने जाहीर केले की इंटेल सोडून आता स्वतःच्या चिपवर जायचे आणि हा बदल सुमारे दोन वर्षांत पुरा करायचा. सर्वात शेवटी राहिला तो मॅक प्रोच. त्याची पाळी आली जून २०२३ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. किंमत ६,९९९ डॉलर. मेमरी जास्तीत जास्त १९२ गिगाबाइट, आणि तीही खरेदीच्या दिवशीच ठरवायची, नंतर वाढवता येत नाही. बाहेरचे ग्राफिक्स कार्डही चालत नाही. तीच चिप असलेला लहान मॅक स्टुडिओ ३,९९९ डॉलरला होता. मार्च २०२५ मध्ये त्या लहान यंत्राला पुढची चिप मिळाली, तेव्हाही मोठा मॅक प्रो २०२३ च्याच चिपवर उभा होता.

जून २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. त्या वर्षीची मॅकओएस आवृत्ती इंटेलच्या यंत्रांवर चालणारी शेवटची ठरणार होती. इंटेलचा मॅक प्रो तर जून २०२३ पर्यंत विकला जात होता. ज्याने तो अखेरच्या महिन्यांत घेतला, त्याच्या हजारो डॉलरच्या यंत्राची पुढची वाट दोन वर्षांतच अशी ठरून गेली.

नुकसान कोणाचे

संगणक मंद असला तर काय बिघडले, चहा प्यावा आणि थांबावे, असे काहींना वाटेल. पण हिशेब करून पाहा. समजा, एका संकलकाचे यंत्र रोज दोन तास नुसते हिशेब करीत बसते आणि तो स्क्रीनकडे पाहत राहतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पन्नास तास झाले. वर्षाचे सहाशे तास. एवढ्या वेळात दुसरे काम झाले असते. शेजारच्या स्टुडिओने नवे यंत्र घेतले असेल तर तो तेच काम आधी देतो, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. यंत्र चालत राहते, पण त्याच्यावर बसलेला माणूस मागे पडतो.

काही लोकांनी २०१० आणि २०१२ च्या जुन्या पेट्याच सांभाळल्या. नवे ग्राफिक्स कार्ड घातले, जलद डिस्क बसवली, प्रोसेसरही बदलला. आपल्या यंत्रमागाच्या गावांत पत्ते बदलून, सुटे भाग जोडून जुना माग चालवतात, तसेच हे. पण त्यालाही हद्द होती. २०१८ ची मॅकओएस आवृत्ती योग्य कार्ड घातल्यास या पेट्यांवर चालत होती. २०१९ च्या आवृत्तीने त्यांना दार बंद केले. काहींनी सुटे भाग जुळवून स्वतःचे यंत्र केले आणि परवान्याच्या अटी बाजूला ठेवून त्यावर मॅकचे काम चालवले. उरलेल्यांपैकी अनेकांनी विंडोजचा रस्ता धरला. नवे शिकण्यात महिने गेले, जुन्या फाइली उघडताना त्रास झाला, पण पुढची तारीख तरी त्यांच्या हातात आली.

कंपनीची बाजू

कंपनीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पुढचा माल आधीच सांगितला तर आजचा माल पडून राहतो, ही भीती प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. अमेरिकेतील ऑस्बोर्न ही संगणक कंपनी १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याचे एक कारण म्हणून हेच सांगितले जाते. नवे यंत्र येणार असे तिने आधी जाहीर केले आणि ग्राहकांनी चालू यंत्र घेणे थांबवले.

दुसरी बाजू विक्रीची. २०१७ च्या त्याच बैठकीत कंपनीने सांगितले की, तिच्या मॅकपैकी सुमारे ८० टक्के लॅपटॉप असतात आणि मॅक प्रोचा वाटा टक्केवारीच्या एका अंकातच आहे. जो माल थोडा खपतो, त्याच्यावर कारखाना किती लक्ष देणार?

ही दोन्ही कारणे आम्हाला समजतात, पण पटत नाहीत. गुप्तता फोन विकणाऱ्याला शोभते. फोन घेणारा हौसेने घेतो, आज नाही तर उद्या घेईल. अवजार घेणारा पुढच्या वर्षाचे काम आज अंगावर घेतो. त्याला लपवाछपवी परवडत नाही. शिवाय कंपनीने २०१७ मध्ये स्वतःच आपला शिरस्ता मोडला आणि दोन वर्षे आधी नव्या यंत्राबद्दल बोलली. त्याने तिचे दिवाळे निघाले नाही. उलट ज्यांना थांबायचे होते ते समजून-उमजून थांबले आणि ज्यांना जायचे होते ते वेळेत गेले. हेच बोलणे दोन वर्षे आधी झाले असते, तर किती तरी लोकांचा पैसा आणि वेळ वाचला असता.

थोडा खपणारा माल असेल तर तो बंद करण्याचा हक्क व्यापाऱ्याला आहे. पण मग तसे स्पष्ट सांगावे. ना बंद, ना चालू, दुकानात मांडलेला आणि कारखान्यात विसरलेला, असा माल ठेवणे हा सरळ व्यवहार नाही.

आपण काय करावे

अवजार हातातल्या कामासाठी घ्यावे, ऐकीव वायद्यावर थांबू नये. आज घेतलेला संगणक तीन वर्षांत आपली किंमत फेडतो का, एवढेच पाहावे. फेडत असेल तर उद्या नवा आला म्हणून रडण्याचे कारण नाही. फेडत नसेल तर तो स्वस्त असला तरी महागच आहे.

संगणक झिजतो हे सरकारही मानते. आयकरात साधारण यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, संगणकावर ४० टक्के. आपल्या वहीतही तेवढी रक्कम बाजूला टाकत जावी. यंत्र थकेल त्या दिवशी सावकाराचे दार पाहावे लागणार नाही.

घेताना दुकानदाराला विचारावे की मेमरी नंतर वाढवता येईल का, डिस्क बदलता येईल का, सुटे भाग किती वर्षे मिळतील. उत्तर नाही असेल तर ते किमतीत धरावे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे आपले काम एका कंपनीच्या कुलपात ठेवू नये. उर्दू छपाईने याची चव घेतली आहे. इनपेजने कातिबांच्या नस्तालीकला संगणकावर आणले, हे त्याचे मोठे उपकार. पण त्याच्या जुन्या आवृत्त्या युनिकोडमध्ये नव्हत्या. त्यामुळे त्या काळातला मजकूर दुसरीकडे न्यायचा तर आधी रूपांतर करावे लागते. म्हणून नक्षी, मजकूर, हिशेब यांची एक प्रत अशा नमुन्यात ठेवावी जी दुसऱ्या यंत्रावरही उघडेल. वाट पाहण्याची पाळी आलीच, तर आपल्या पायाला दोरी नसावी.

शेवटी एक गोष्ट आपल्याच बाजाराची. शिंपी ईदच्या आधीचा वायदा करतो, रंगारी चार दिवस सांगून पंधरा लावतो, आणि आम्ही व्यापारीही माल रस्त्यात आहे असे फोनवर सांगून मोकळे होतो. अब्जावधींच्या कंपनीने ग्राहकाला तिष्ठत ठेवले तर ती टिकून राहते. आपल्यातला लहान दुकानदार टिकत नाही. उशीर होणार असेल तर तो होणार हे आजच सांगावे आणि नवी तारीख द्यावी. गिऱ्हाईक रागावेल, पण त्याला आपली सोय पाहता येईल. आणि पुढच्या खेपेला तो त्याच दुकानात येईल, जिथे त्याला खरी तारीख मिळाली होती.