विश्लेषण : तेरा जनरेटर असूनही फुकुशिमा अंधारात का गेले?

एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी आहेच, या भरवशावर अणुभट्ट्यांपासून रुग्णालयांपर्यंत बरेच काही चालते. पण दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या तर?

फुकुशिमात काय घडले?

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि फुकुशिमा दाइची अणुप्रकल्पाला बाहेरून मिणारी वीज तुटली. आपत्कालीन डिझेल जनरेटर सुरू झाले. तासाभराच्या आत त्सुनामी आली. प्रकल्पातील १३ पैकी केवळ एकच जनरेटर त्यानंतर वीज देऊ शकला. बहुतेक जनरेटर तळघरात होते. दोन जनरेटर कोरडे राहिले, पण त्यांची वीज पुढे नेणारे पॅनेल बुडाले होते. पुढे तीन अणुभट्ट्यांमधील इंधन वितळले.

गणित कुठे चुकते?

समजा, एक जनरेटर ऐनवेळी बंद पडण्याची शक्यता १०० मध्ये १ आहे. दोघांचे बिघाड परस्परांशी संबंधित नसतील, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता १० हजारांत १. मात्र दहापैकी एक बिघाड पूर, खराब इंधन किंवा देखभालीतील एकाच चुकीमुळे दोघांनाही गाठत असेल, तर ती सुमारे हजारात १ होते. धोका दहापट वाढतो. त्याच खोलीत तिसरा जनरेटर ठेवूनही तो फारसा घटत नाही. अभियंते याला ‘कॉमन कॉज फेल्युअर’ म्हणतात.

मुंबईत काय झाले होते?

तिथे परावलंबनाचा दुसरा प्रकार दिसला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराला वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्या एकामागोमाग बंद पडल्या. एक वाहिनी गेली की तिचा भार उरलेल्यांवर येतो आणि त्यांचीही बंद पडण्याची शक्यता वाढते. बिघाडाच्या वेळी मुंबईला उर्वरित ग्रिडपासून अलग ठेवणारी ‘आयलँडिंग’ व्यवस्थाही तग धरू शकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या.

मग उपाय काय?

पर्यायी यंत्रणा वेगळ्या प्रकारची, वेगळ्या जागी आणि वेगळ्या पॅनेलवर हवी. फुकुशिमात तगलेला जनरेटर हवेने थंड होणारा होता, त्याला समुद्राच्या पाण्याची गरज नव्हती. त्याच्यामुळे पाचवी आणि सहावी अणुभट्टी वाचली.

म्हणूनच रुग्णालय असो वा डेटा सेंटर, ‘बॅकअप किती आहेत?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्या सगळ्यांना एकदम बंद पाडेल असे काय आहे?’ हेही विचारावे लागते.